कारण लिहा, सही करा

काकांच्या घरी वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्याने राहिलो. त्या चार वर्षांत, चार दिवस सोडले तर, पाण्याची मोटर सहीशिवाय सकाळी सहा दहाच्या आधी किंवा नंतर कधी सुरू झाली नाही आणि सहा पंचविसाच्या पुढे कधी चालली नाही. वरच्या नळाला मोटर चालू असेपर्यंतच पाणी. पहिल्याच आठवड्यात डोक्याला साबण लावलेला असताना नळ कोरडा पडला. मी जिन्यात येऊन ओरडलो, "काका, पाणी!" खालून शांत आवाज आला, "सहा सव्वीस झाले. वहीत उशिराचं कारण लिहा, सही करा. मग बघू."

म्हातारा गंमत करतोय असं मला वाटलं. टॉवेल गुंडाळून खाली गेलो तर व्हरांड्यात खिळ्याला सुतळीने बांधलेली खरोखरची वही होती. तिच्यात तारीख, वेळ, कारण, सही असे रकाने आखलेले होते आणि माझ्या आधीच्या भाडेकरूने तीन पानं भरलेली होती. मी 'झोप लागली' असं लिहून सही केली. काकांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कारण साधं आहे, पण अक्षर बरं आहे." मग मोटर दोन मिनिटं चालू केली.

मी नाशिकहून सिल्वासाला आलो होतो, प्लास्टिकच्या फिल्मच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. काका मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी इथल्या एका सुताच्या कंपनीत लागले आणि एकतीस वर्षं टाइम ऑफिसात बसून निवृत्त झाले. टाइम ऑफिस म्हणजे गेटजवळची ती खोली, जिथे हजेरी लागल्याशिवाय कामगाराला आत पाऊल टाकता येत नाही. त्या खोलीतले काका म्हणजे कंपनीचे यमराज. शिफ्ट सुरू झाल्यावर तीन मिनिटं माफ. चौथ्या मिनिटाला अर्धा दिवस कापला. पण कापण्याआधी प्रत्येकाला उशिराच्या वहीत कारण लिहावं लागे. ज्याला लिहिता येत नसे त्याचं कारण काका स्वतः लिहून घेत आणि खाली अंगठा घेत.

त्या वह्या मी पाहिल्या आहेत. कंपनी रद्दीत काढत होती तेव्हा काकांनी त्या टेम्पोत घालून घरी आणल्या होत्या. "खानवेलची बस चढावर बसली." "नदीला पाणी आलं, पलीकडून हात करून परत गेलो." "बायकोने डबा दिला नाही, भांडण मिटवून आलो." एकाची दुधनीची मावशी दोन वर्षांत चार वेळा वारली होती. चौथ्या वेळी काकांनी शेजारी लाल शाईने विचारलं होतं, "मावश्या एकूण किती?" आणि खाली त्या माणसाचं प्रामाणिक उत्तर होतं, "अजून एक आहे."

'कारण नाही' हे मात्र काकांना चालत नसे. "कारण असतंच," ते म्हणायचे. "तुम्हाला सांगायचं नसतं, एवढंच." एकतीस वर्षांत फक्त एका माणसाने त्या रकान्यात 'कारण नाही' असं लिहून खाली सही केली होती. तो सुकलाल, नंदुरबारकडचा, मशीनवरच्या भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावणारा. काकांनी त्याला समोर उभा केला, बराच वेळ पाहिलं आणि त्याचा पूर्ण दिवस भरला.

"का हो?" मी विचारलं.

"एवढ्या वह्यांत खरं वाक्य एकच आलं. त्याचा अर्धा दिवस कापू?"

काकूंचं या वह्यांविषयीचं मत वेगळं होतं. "सवत आणली असती तर एका कोपऱ्यात बसली असती बिचारी," त्या भाजी निवडता निवडता म्हणायच्या. "ह्या वह्यांना अख्खं कपाट लागू राहिलं."

आता एवढी कथा घरात भरलेली असताना माणसाने काय लिहावं? काकांनी चहाच्या मळ्यावरची कादंबरी लिहायला घेतली होती. उत्तरेला सुरत आणि दक्षिणेला शिर्डी यांच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते, पण कादंबरी घडत होती हिमालयाच्या पायथ्याशी. तिच्यात एक तरुण डॉक्टर होता, एक खलनायक मळेवाला होता आणि मंदाकिनी होती. मंदाकिनी नाजूक होती, पियानो वाजवायची आणि पहिल्या चाळीस पानांत सतरा वेळा रडायची. मी मोजलं, कारण काकांनी मला ती चाळीस पानं वाचून दाखवली आणि उठायची सोय नव्हती. बावीस वर्षं ते हे लिहीत होते, बाद झालेल्या गेट पासच्या कोऱ्या पाठीवर. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि ते पाच वर्षं राहिलं होतं.

काकूंनी त्यातली एक ओळ वाचली नव्हती. वाचता येत नव्हतं असं नाही. धुळ्याला मॅट्रिक झालेली बाई, वाचनालयाचं पुस्तक दोन दिवसांत परत करणारी. पण त्यांचा हट्ट होता. "अर्धी कच्ची भाकर मी कधी ताटात वाढली का तुम्हाला? मग अर्धं पुस्तक मला का वाढू राहिले? पुरं करा, छापून आणा, मग वाचीन." बावीस वर्षं हा एकच निरोप. काका त्यावर कधी चिडले नाहीत. नियम होता, आणि नियम त्यांना कळत असे.

मग काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते गेलं, उरलंय ते औषधाचे थेंब घालून जेवढं टिकेल तेवढं टिकवायचं. घरी आल्यावर काकू नेहमीसारख्या स्वयंपाकाला लागल्या. काका मात्र व्हरांड्यात घड्याळाकडे बघत बसले होते. मला हाक मारून म्हणाले, "इंजिनियर, डिलिव्हरीची तारीख आता पुढे ढकलता येणार नाही."

पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलाने ऐकलं आणि दिवाळीला एक लॅपटॉप घेऊन आला. त्यात त्याने कादंबरी लिहायचं सॉफ्टवेअर घालून दिलं, बापाला वीस मिनिटं शिकवलं, फराळ बांधून घेतला आणि गेला. जाताना मला जिन्यात म्हणाला, "तू वरच राहतोस ना, जरा बघ बाबांकडे." हे 'जरा' दीड वर्ष चाललं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये लेखकाला जे जे लागतं ते सगळं होतं, आणि जे लागत नाही तेही होतं. प्रकरणांची कार्डं टोचायला फळा होता, रोजच्या शब्दांची मोजणी होती, नको असलेलं टाकायला टोपली होती. एक बटण दाबलं की बाकी सगळं नाहीसं होऊन फक्त लिहायचं पान उरायचं, म्हणजे लेखकाचं मन भरकटू नये. काकांच्या हातून ते बटण पहिल्याच दिवशी दाबलं गेलं. मी वर चहा पीत होतो. खालून आरोळी आली, "इंजिनियर, सगळा स्टाफ गेला!"

सगळ्यात अवघड पडलं ते आपोआप सेव्ह होणं. मी समजावलं की काका, तुम्ही काही करायचं नाही, ते स्वतःच ठेवून घेतं.

"कोणाच्या सहीने?"

"सही लागत नाही."

"म्हणजे उद्या माल कमी निघाला तर जबाबदार कोण?"

मग त्यांनी एक वही घातली. रोज काम संपलं की तिच्यात 'आज सेव्ह झाले' असं लिहायचं, खाली त्यांची सही आणि साक्षीदार म्हणून माझी. मुलाने फोनवर बॅकअप वेगळ्या जागी ठेवायला सांगितलं, तेव्हा पेन ड्राइव्ह सुकलालकडे गेला. तो आता किलवणी नाक्यावर अंडाभुर्जीची गाडी लावायचा. दर शनिवारी पेन ड्राइव्ह नोंद करून बाहेर आणि नोंद करून आत. सुकलाल तो मिठाच्या बरणीत ठेवायचा, कारण मिठाला कोणी हात लावत नाही. ड्राइव्ह परत आला की काका तो फुंकून साफ करायचे आणि वास घेऊन बघायचे. आमच्या मंदाकिनीला कांद्याचा वास लागला होता, पण ती शाबूत होती.

रोज किती शब्द लिहिणार, असं सॉफ्टवेअर विचारायचं. काकांनी पाचशे सांगितले. वर एक पट्टी होती. ती लाल असायची, शब्द वाढले की पिवळी व्हायची आणि पाचशे झाले की हिरवी. ही पट्टी काकांना फार पटली. हिरवी झाली की ते हात उचलायचे. वाक्य अर्धं असो, शब्द अर्धा असो. "शिफ्ट सुटली," म्हणायचे आणि चष्मा डबीत घालायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, निदान वाक्य तरी पुरं करा." तर म्हणाले, "ओव्हरटाइमची सवय लावली की माणूस शिफ्टमध्ये काम करत नाही. एकतीस वर्षं पाहिलंय मी."

अशा रीतीने आठ महिन्यांत जुनी कादंबरी कॉम्प्युटरात चढली आणि शेवटचं प्रकरण उघडलं. मंदाकिनीला मळेवाल्याने कोंडून ठेवलं होतं. तिने खिडकी उघडली, कठड्यावर एक पाय ठेवला आणि पट्टी हिरवी झाली.

दुसऱ्या दिवशी काका अडले. ती खाली उडी मारणार की परत फिरणार? पाच वर्षं ते याच खिडकीशी अडले होते, हे मला तेव्हा कळलं. मी हौसेने सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पात्राचा एक फॉर्म आहे, तो भरला की पात्र स्पष्ट होतं. आजही वाटतं, तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. 'फॉर्म' हा शब्द ऐकून त्या माणसाच्या चेहऱ्यावर जी तरतरी आली ती मी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

फॉर्म इंग्रजीत होता. मी जेवणाच्या सुट्टीत बसून त्याचं मराठी केलं. पात्राच्या मनातला संघर्ष याला मी 'अंतर्गत तंटा' असं लिहिलं. काकांनी मंदाकिनीच्या नावापुढे भरलं, "युनियनशी नाही." शिवाय त्यांना फॉर्म अपुरा वाटला म्हणून त्यांनी टोकन नंबर, शिफ्ट, रक्तगट आणि वारसदार असे रकाने वाढवले. मंदाकिनीचा रक्तगट ठरवायला दोन दिवस गेले. ओळखीची खूण, डाव्या गालावर तीळ. वारसदार, नाही. सगळं भरून झालं आणि शेवटचे दोन रकाने राहिले. 'या व्यक्तीला काय हवं आहे?' आणि 'कशाची भीती वाटते?'

काका त्या दोन रकान्यांपुढे सहा दिवस बसले. सातव्या दिवशी म्हणाले, "इंजिनियर, बावीस वर्षं ही बाई माझ्याकडे आहे. तिला काय हवंय, मला माहीतच नाही."

"मग ठरवा ना. पात्र तुमचं आहे."

"ठरवायचं कसं? दुसऱ्याला काय हवंय हे मी जन्मात कोणाला विचारलं नाही. मी फक्त उशीर का झाला ते विचारलं." मग त्यांनी कोरा फॉर्म उघडला. "बसा. तुमच्यापासून सुरुवात. तुम्हाला काय हवंय?"

"पाणी. सहा पंचविसानंतर."

त्यांनी ते गंभीरपणे टाइप केलं. "भीती कशाची?"

मी तिथेही काहीतरी थट्टेचं बोलणार होतो, पण ते लिहायला बोटं उचलून थांबले होते आणि दुसरं काही करत नव्हते. माझ्याकडे असं थांबून कोणी पाहिलेलं मला आठवत नव्हतं. मी जे बोललो ते बोलायचं ठरवलेलं नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, वहीत माझी सही घेतली आणि पुढचा फॉर्म उघडला.

सुकलाल आला तेव्हा मी तिथेच होतो. तो खुर्चीवर बसेना. या माणसासमोर तो एकतीस वर्षं उभाच राहिलेला. शेवटी पायरीवर बसला.

"काय हवंय तुला, सुकलाल?"

"काय नको साहेब. पेन ड्राइव्ह बराबर आहे ना?"

"ते नाही. तुला. तुझ्या जिवाला काय हवंय?"

सुकलालने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "एकदा रविवारच्या दुपारी झोपायचंय मला," तो म्हणाला. "निस्तं झोपायचंय. कोनी उठवायचं नाही."

"आणि भीती?"

"भोंग्याची. कंपनीचा भोंगा बंद पडला, पन माझ्या कानातला चालू ऱ्हायला साहेब."

काकांनी टाइप केलं. पट्टीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. नंतर मी वर चाललो तेव्हा ते तसेच बसलेले होते.

आणि मग जे सुरू झालं ते आवरेना. रविवारी सकाळी व्हरांड्यात माणसं यायला लागली. जुने कामगार, गेटवरचे वॉचमन, आमलीतला न्हावी. खानवेलहून भाजी घेऊन येणारी सोमीबेन पहिल्यांदा भडकली. "मने काय पाहिजे म्हंजे? भाजी तुला पाहिजे, पैसा मने पाहिजे, एवढंच तर हाय!" पण पुढच्या रविवारी टोपली उतरवून ती स्वतःच पायरीवर टेकली आणि म्हणाली, "लिही. मने दरियो जोवानो छे, समुद्र. दमण एवढं पासे, पण कधी गेली नाही." काकांनी तेही लिहिलं. गुजराती की मराठी यावर त्यांनी वाद घातला नाही, आणि या दोन भाषांच्या सीमेवर ही गोष्ट साधी नव्हती.

मंदाकिनी इकडे एक पाय कठड्यावर ठेवून उभीच. दर रविवारी काका म्हणायचे, "तिचा विषय निघेलच यातून. नमुने जमू देत." नमुने दीडशेच्या वर गेले. मी एकदा म्हटलं, "काका, तिच्या पायाला मुंग्या आल्या असतील." त्यांना ते आवडलं नाही.

छापायला काय पाठवायचं आणि काय नाही यासाठी त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पानापुढे एक चौकोन होता. मी सांगितलं, "ज्याच्यावर खूण केली तेच बाहेर जातं. खूण नसेल तर ते आतच राहतं." काकांनी कपाळावर हात मारला. "गेट पास!" दीड वर्षात सॉफ्टवेअरविषयी एवढं प्रेम त्यांनी पहिल्यांदा दाखवलं. त्या दिवसापासून फॉर्म भरला, वाचून दाखवला, माणसाने वहीत सही केली की माझ्यासमोर त्या चौकोनावर खूण व्हायची. माणसाच्या संमतीशिवाय काही बाहेर जायला नको.

सगळं असंच मजेत चाललं असतं. पण तांदळात खडे राहायला लागले. काकू निवडायच्या पूर्वीसारख्याच, सूप मांडीवर घेऊन, बोलत बोलत. खडे तरीही राहायचे. एकदा मी खाली जेवायला होतो. काकांच्या दाताखाली खडा आलेला मला ऐकू आला. त्यांनी तो घास तसाच गिळला आणि म्हणाले, "भात छान मोकळा झालाय." काकू म्हणाल्या, "आंबेमोहोर आहे."

त्या आठवड्यात काकांनी आयुष्यातला पहिला ओव्हरटाइम केला. पट्टी हिरवी झाल्यावरही ते लिहीत राहिले. शेवटचं प्रकरण दोन बैठकांत संपलं. मंदाकिनीने पाय कठड्यावरून खाली घेतला, मागे फिरली आणि डॉक्टर आला. कसा आला ते विचारू नये. मग काकांनी सगळी प्रकरणं तपासून मंजूर केली. मंजूर केली, पण वहीत. लाल शाईने, तारीख आणि सहीसकट. कॉम्प्युटरला त्या वहीची काही खबर नव्हती, आणि मला नव्हती. मी ड्यूटीवर जाण्याच्या घाईत होतो. बटण दाबलं, पावणेदोनशे पानं झालेली दिसली, एवढी पानं म्हणजे कादंबरीच असणार असं समजून वापीच्या छापखान्याला पाठवून दिली. मी इंजिनियर आहे हे इथे पुन्हा सांगायला नको.

पाच प्रती आल्या. मरून रंगाची बांधणी, वर सोनेरी अक्षरांत कादंबरीचं आणि काकांचं नाव. रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात आले आणि काकूंच्या हातात पुस्तक ठेवलं. "पूर्ण झालं," एवढंच म्हणाले. काकूंनी हात पदराला पुसले, पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडाकडे पाठ करून बसल्या आणि भिंग काढलं. शब्द शब्द लावत त्यांनी मोठ्याने सुरुवात केली.

"टोकन नंबर एक. हुद्दा, इंजिनियर. रक्तगट, बी पॉझिटिव्ह. काय हवं आहे, पाणी."

काकांनी दुसरी प्रत उघडली, पानं उलटली, पुढची उलटली. चहाचा मळा नव्हता, डॉक्टर नव्हता, मंदाकिनी नव्हती. बावीस वर्षं गेटच्या आत राहिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते काकूंजवळ गेले आणि पुस्तक घ्यायला हात पुढे केला. "चूक झाली. हे नाही. दे इकडे, दुसरं आणतो."

"थांबा हो," काकू म्हणाल्या. "वाचू राहिले ना मी."

त्या थांबल्या नाहीत. माझं पान संपवून त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "आईचं काही झाल्याचा फोन ड्यूटीवर असताना येईल, आणि मी पोचणार नाही, असं लिहिलंय तू इथे." मी मान हलवली. "मग जा, तूच आधी फोन कर." मी वर जाऊन फोन केला. आई म्हणाली, आज कसा काय रविवारी? मी म्हटलं, कारण नाही.

काकू चार दिवस वाचत होत्या. उजेड असेपर्यंत, भिंगाखाली ओळ सरकवत. मधेच हसायच्या. मधेच, "अहो, हा भिका तो का, लंगडणारा? त्याला बासरी शिकायची होती?" असं विचारायच्या. काका आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्या चार दिवसांत मोटर एकदा सात वाजता सुरू झाली आणि एकदा दुपारपर्यंत चालूच राहिली. मी भरपूर आंघोळ केली, पण तिच्यात काही राम नव्हता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी काकूंनी पुस्तक मिटलं आणि आत हाक मारली. काका येऊन उभे राहिले. खुर्ची रिकामी होती, पण बसले नाहीत.

"चांगलं आहे," काकू म्हणाल्या. "चांगलं म्हणजे खूपच चांगलं आहे. मला वाटायचं तुम्ही लोकांची नुसती घड्याळं बघता." मग पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाल्या, "एवढ्या लोकांना विचारलं. भाजीवालीला विचारलं, न्हाव्याला विचारलं. मी इथेच आत भाकरी थापत होते. यात मी कुठे आहे?"

मला तिथून उठायचं होतं, पण उठलो तर आवाज झाला असता.

"अडतीस वर्षं झाली लग्नाला," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला तो सहन झाला नाही. "किती मिनिटं माफ असायची तुमच्याकडे? तीन ना? जा, ती वही आणा."

काकांनी खिळ्यावरची वही सुतळीसकट काढून आणली.

"कारण लिहा," काकू म्हणाल्या. "सही करा."

काका खुर्चीच्या कडेला टेकले. वही मांडीवर, पेन हातात. ज्या माणसाने मावश्यांची खानेसुमारी केली, हजारो लोकांकडून हजारो कारणं लिहून घेतली आणि मंदाकिनीला बावीस वर्षं रडवलं, त्याला एक रकाना भरता येईना. तारीख लिहिली. वेळ लिहिली. तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवून ते इतका वेळ थांबले की कागदावर शाईचा ठिपका मोठा झाला. मग त्यांनी दोन शब्द लिहिले, खाली सही केली आणि वही काकूंकडे दिली.

काकूंनी भिंग धरलं. दोनच शब्द होते, पण त्यांना ते वाचायला वेळ लागला.

"कारण नाही," त्यांनी वाचलं.



"बरं," काकू म्हणाल्या. "अर्धा दिवस कापत नाही. तुमचं ते मशीन इकडे आणा, आणि बसा नीट. आता विचारा मला."

मी चपला हातात घेऊन जिना चढलो. काकूंनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पुढे मी सिल्वासा सोडेपर्यंत त्या पुस्तकाच्या आणखी प्रती निघाल्या, सुकलालने एक गाडीवर ठेवली, सोमीबेनने वाचता येत नसताना एक मागून नेली. प्रत्येक वेळी छापायला पाठवताना मीच त्यांच्या शेजारी बसायचो, आणि आता डोळे उघडे ठेवून बसायचो. यादीत सगळ्यात शेवटी एक पूर्ण भरलेला फॉर्म होता, काकूंच्या नावाचा. त्याच्यापुढच्या चौकोनावर काकांनी कधीच खूण केली नाही.